समानार्थी म्हणजे एकार्थी नव्हे



आजचा विषय ‘इंग्रजी भाषेतील समानार्थी शब्द’ असा जाहीर झालेला पाहून, हा वर्गातला विषय व्याख्यानमालेत कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. शब्दार्थ पाठ करणे हे शाळकरी मुलांचे काम, आणि तेही काम त्यांच्या फारसे आवडीचे नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु शाळेच्या वहीत ज्या दोन शब्दांपुढे अर्थ एकच लिहिलेला असतो, त्या दोन शब्दांमधल्या अंतरावर एखाद्याची शिक्षा, हजारो माणसांची भाकरी आणि एखाद्या राष्ट्राची अब्रू अडून राहिल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. त्यांतली काही तर आपल्या महाराष्ट्रातलीच आहेत. ती उदाहरणे आपल्यापुढे मांडावीत, आणि त्यांवरून नेमका शब्द निवडण्याच्या काही कसोट्या हाती लागतात का ते पाहावे, एवढाच माझा हेतू आहे.

अमरकोश आणि रोजेचा कोश

प्रथम एक समजूत बाजूला सारली पाहिजे. आपल्याकडे पूर्वी मुलांकडून अमरकोश पाठ करवून घेत. देवांची नावे इतकी, पाण्याची इतकी, कमळाची इतकी, अशी ती रास मुखोद्गत होई. श्लोक रचणाऱ्याला वृत्तात बसणारा शब्द हवा असे, म्हणून त्या राशीची सोय फार मोठी होती. पण त्यातून एक सवयही जडली. समानार्थी शब्द म्हणजे सुटे पैसे. रुपया दिला काय आणि चार पावल्या दिल्या काय, किंमत तीच, असे आपण धरून चालू लागलो. इंग्रजी शिकतानाही हीच सवय आपल्याबरोबर येते.

इंग्रजीतही एक अमरकोश आहे. पीटर मार्क रोजे नावाच्या एका डॉक्टराने १८०५ साली स्वतःच्या सोयीसाठी शब्दांच्या याद्या करायला सुरुवात केली आणि त्यांचा कोश १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, प्रसिद्ध केला. त्यात शब्द अकारविल्हे लावलेले नव्हते; कल्पनेप्रमाणे गट पाडून लावलेले होते. रागाचे शब्द एका ठिकाणी, आनंदाचे दुसऱ्या ठिकाणी. अर्थ मात्र दिलेले नव्हते, कारण वाचकाला ते ठाऊक आहेत असे गृहीत धरलेले होते. ज्याला शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, त्याच्यासाठी हा कोश आहे. ज्याला शब्द माहीतच नाही त्याने तो उघडून मोठासा दिसणारा एखादा शब्द उचलला, तर दुसऱ्याचा अंगरखा घालून लग्नाला गेल्यासारखी त्याची अवस्था होते.

याच्या नेमका उलट उद्योग करणारी मंडळीही युरोपात होऊन गेली. फ्रान्समध्ये गाब्रिएल जिरार यांनी १७१८ साली, इंग्लंडमध्ये हेस्टर लिंच पिओझी या विदुषीने १७९४ साली आणि जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ साली समानार्थी शब्दांवर ग्रंथ लिहिले. शब्द गोळा करून थांबावयाचे नाही, तर जवळजवळ ठेवलेल्या दोन शब्दांमधली फट दाखवावयाची, हा त्यांचा हेतू होता. मला आज याच दुसऱ्या परंपरेबद्दल बोलावयाचे आहे.

एका घरात तीन पिढ्या

इंग्रजीत एका अर्थाला इतके शब्द का, याचे कारण त्या देशाच्या इतिहासात आहे. मूळची अँग्लो-सॅक्सन बोली शेतकऱ्याची आणि घरगुती. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात, न्यायालयात व श्रीमंतांच्या पंगतीत फ्रेंच आली. विद्या आणि धर्म यांची भाषा लॅटिन होतीच. म्हणून एकाच क्रियेला पुष्कळदा तीन शब्द मिळतात. ‘आस्क’ हा घरातला, ‘क्वेश्चन’ हा फ्रेंचांकडून आलेला आणि ‘इंटरॉगेट’ हा लॅटिनचा. आई मुलाला ‘आस्क’ करते, वकील साक्षीदाराला ‘क्वेश्चन’ करतो आणि पोलीस संशयिताला ‘इंटरॉगेट’ करतात. सगळेच विचारतात, पण आईने मुलाला ‘इंटरॉगेट’ केले असे म्हटले, की त्या घरात त्या दिवशी काय घडले असेल ते सांगावे लागत नाही.

मराठी माणसाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. आपल्याही घरात देशी, संस्कृत आणि फारसी-अरबी अशा पिढ्या नांदत आहेत. तहान लागली म्हणजे आपण पाणी मागतो, जल मागत नाही. आणि अभिषेक मात्र जलाचा करतो. ‘बायको’ म्हटले की एक नाते दिसते, ‘पत्नी’ म्हटले की त्याच नात्याची निमंत्रणपत्रिका दिसते. ‘विनंती’ तोंडी करता येते. ‘अर्ज’ म्हटला की कागद आला आणि त्यावर कोणाची तरी सही आली. स्वतःच्या भाषेत जे भान आपल्याला न शिकवता असते, ते परक्या भाषेत मुद्दाम कमवावे लागते, एवढाच फरक.

या भेदांचे प्रकार कोणते? पहिला प्रकार अर्थाच्या आकाराचा. इंग्रजी वर्गांत एका कोशकाराची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती घडली असेल असे मानण्याचे कारण नाही, पण ती बोधप्रद आहे. हे कोशकार घरातल्या मोलकरणीचे चुंबन घेत असता पत्नी अवचित आत आली आणि उद्गारली, ‘मी सरप्राइज्ड झाले!’ कोशकार शांतपणे म्हणाले, ‘नव्हे, सरप्राइज्ड मी झालो. तू ॲस्टॉनिश्ड झालीस.’ गृहस्थांची वर्तणूक काहीही असो, शब्दज्ञान पक्के होते. ‘सरप्राइज’ याच्या फ्रेंच मुळात अवचित गाठणे, पकडणे हा अर्थ आहे. अजूनही सैन्याच्या अवचित छाप्याला ‘सरप्राइज अटॅक’ म्हणतात. ‘ॲस्टॉनिश’ याच्या मुळाशी लॅटिनमधली मेघगर्जना आहे. वीज कडाडावी आणि माणूस जागच्या जागी थिजावा, असा तो शब्द. पकडला गेलेला एक, आणि थिजलेली दुसरी.

दुसरा प्रकार बोलणाऱ्याच्या मनाचा. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात व्याकरणातल्या तीन पुरुषांची गंमत केली होती. तिचा भावार्थ असा : मी ठाम असतो, तू हट्टी असतोस आणि तो अडेलतट्टू मूर्ख असतो. वागणे तिघांचे एकच. शब्द बदलला तो केवळ ते कोणाचे आहे यावरून. पैसा राखून वापरणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘थ्रिफ्टी’, ‘इकॉनॉमिकल’, ‘फ्रूगल’, ‘स्टिंजी’ आणि ‘मायझर्ली’ असे पाच शब्द सहज लागू पडतात. ‘थ्रिफ्टी’ माणूस काटकसरीने संसार वाढवतो. ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे वाया न घालवता काम भागवणारा; एखादे यंत्रदेखील ‘इकॉनॉमिकल’ असू शकते. ‘फ्रूगल’ माणसाच्या गरजाच थोड्या असतात. ‘स्टिंजी’ माणसाचा हात दुसऱ्याला देताना आखडतो, आणि ‘मायझर्ली’ माणूस तर स्वतःलाही काही देत नाही. त्याच्या मुळाशी ‘दीन, दुःखी’ असा लॅटिन शब्द आहे. पाचही जणांची बँकेतली शिल्लक एकच असेल. पण पहिल्या तिघांना आपण मुलगी देऊ, शेवटच्या दोघांना देणार नाही.

तिसरा प्रकार सोबतीचा. ‘बिग’, ‘लार्ज’ आणि ‘ग्रेट’ या तिन्हींचा अर्थ आपण ‘मोठा’ असा शिकतो. पण ‘ग्रेट मॅन’ म्हणजे थोर पुरुष, ‘बिग मॅन’ म्हणजे धिप्पाड किंवा वजनदार असामी, आणि ‘लार्ज मॅन’ म्हणजे ज्याच्या सदऱ्याला कापड जास्त लागते असा गृहस्थ. सभेत पाहुण्यांची ओळख करून देताना यांतला कोणता शब्द वापरावा, हे व्याकरणाच्या नियमाने सांगता येत नाही. शब्द कोणाच्या संगतीत राहतो हे पाहून ते कळते.

येथवर झाले ते शैलीविषयी. यात चूक झाली तर फार तर हसे होते. पण हेच भेद कायद्यात, इतिहासात आणि राज्यकारभारात शिरले की हसण्यावारी नेता येत नाहीत. आता तिकडे वळू.

सत्तावन साली झाले ते काय?

१८५७ साली जे घडले त्याला इंग्रज लेखकांनी ‘म्यूटिनी’ हे नाव दिले. ‘म्यूटिनी’ हा अरुंद शब्द आहे. शिपायांनी किंवा खलाशांनी आपल्या अधिकाऱ्याचा हुकूम मोडून उठणे, एवढीच त्याची व्याप्ती. हा शब्द मान्य केला की प्रश्न शिस्तीचा होतो, राज्य न्याय्य की अन्याय्य याचा राहत नाही. शिवाय कानपूर, झाशी, अवध येथील जे हजारो लोक शिपाई नव्हते ते चित्रातून आपोआप पुसले जातात. ‘रिव्होल्ट’ म्हटले की सत्तेविरुद्धचा उठाव झाला. उठणारा कोणीही असू शकतो. ‘रिबेलियन’मध्येही उठाव आहे, पण ज्याच्याविरुद्ध उठले त्याची सत्ता रीतसर होती असा ध्वनी त्यात बहुधा असतो. ‘वॉर’ म्हटले की दोन पक्ष समान पायरीवर आले.

सावरकरांनी हे अचूक हेरले होते. त्यांनी मराठीत लिहिलेला ग्रंथ १९०९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या नावातच ‘इंडियन वॉर ऑफ इंडिपेंडन्स’ हे शब्द होते. पुस्तक उघडण्यापूर्वीच वाद सुरू होत होता. पुढे १९५७ साली शताब्दीच्या निमित्ताने दोन मोठ्या इतिहासकारांचे ग्रंथ आले. रमेशचंद्र मजुमदार यांनी आपल्या ग्रंथाच्या नावात ‘सिपॉय म्यूटिनी’ आणि ‘रिव्होल्ट’ असे दोन्ही शब्द ठेवले, म्हणजे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे शीर्षकातच सांगितले. भारत सरकारच्या वतीने लिहिणाऱ्या सुरेंद्रनाथ सेन यांनी आपल्या ग्रंथाला नुसते ‘एटीन फिफ्टी-सेव्हन’ असे नाव दिले. सालाखेरीज त्यात शब्दच नाही. तीन ग्रंथ, तीन नावे, आणि प्रत्येक नावात ग्रंथकाराची भूमिका. सेनांनी शब्द टाळला, तीही एक निवडच होती.

अप्रीती आणि नापसंती

आता लोकमान्यांच्या खटल्याकडे येऊ. भारतीय दंडविधानात १८७० साली राजद्रोहाचे १२४-अ हे कलम घातले गेले. त्या कलमाची सगळी इमारत दोन इंग्रजी शब्दांवर उभी होती. सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ उत्पन्न करणे हा गुन्हा. परंतु सरकारच्या कृत्यांविषयी ‘डिसॲप्रोबेशन’ व्यक्त करणे, सरकारची आज्ञा पाळण्याची वृत्ती कायम असेल तर, गुन्हा नव्हे. पहिल्याला आपण अप्रीती म्हणू, दुसऱ्याला नापसंती. एका बाजूला तुरुंग आणि दुसऱ्या बाजूला संपादकाची खुर्ची. मध्ये एवढीच भिंत.

ही भिंत नेमकी कोठे आहे? १८९१ साली कलकत्त्याच्या ‘बंगबासी’ खटल्यात सर कोमर पेथरम यांनी साधारण असे सांगितले होते की, माणसाचे एखादे कृत्य किंवा मत नापसंत असूनही तो माणूस आपल्याला आवडू शकतो. ‘डिसअफेक्शन’ म्हणजे मात्र प्रीतीच्या उलट भावना, द्वेष किंवा तिरस्कार. १८९७ साली मुंबई हायकोर्टात टिळकांवर ‘केसरी’तील लेखनाबद्दल खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावून सांगताना पेथरम यांचाच हवाला दिला, आणि ‘डिसअफेक्शन’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ सांगितला. त्याखाली द्वेष, वैर, तिरस्कार अशा सर्व प्रकारच्या दुर्भावना येतात, असेही ते म्हणाले.

‘उलट’ आणि ‘अभाव’ हे दोन शब्द ऐकायला सारखे वाटतात. पण विचार करा. शत्रुत्व हे मैत्रीच्या उलट आहे. ओळख नसणे हा मैत्रीचा अभाव आहे. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस आपला मित्र नाही म्हणून तो वैरी ठरत नाही. आपल्या वैयाकरणांनी संस्कृतातील नकाराचे, म्हणजे ‘नञ्’चे, सहा अर्थ सांगितले आहेत, त्यांत अभाव निराळा आणि विरोध निराळा धरलेला आहे. ‘अमित्र’ म्हणजे नुसता मित्र नसलेला नव्हे, तर शत्रू. इंग्रजी ‘डिस’ या उपसर्गाचेही तसेच आहे. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा लागतो, म्हणजे खटल्यात त्याचा स्वार्थ नसावा. तो ‘अनइंटरेस्टेड’ असून चालत नाही, म्हणजे त्याला खटल्यात रसच नाही असे होऊन चालत नाही. ‘डिसअफेक्शन’ हा शब्द वापरात विरोधाचा आहे. त्याचे तुकडे पाडून अभावाचा अर्थ काढला, तर सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा होतो. आणि परक्या सरकारवर प्रेम करण्याची सक्ती कोणत्या प्रजेला करता येईल?

ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष मानले, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. केवळ शब्दार्थामुळे ती झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. त्या वर्षीचे पुण्यातले वातावरण सर्वांना माहीत आहे. तथापि या व्याख्येवर कायदेपंडितांत एवढे वादळ झाले, की १८९८ साली कलमच दुरुस्त करून त्यात ‘हेट्रेड’ आणि ‘कन्टेम्प्ट’ हे शब्द घालण्यात आले आणि ‘डिसअफेक्शन’मध्ये बेइमानी व वैराच्या सर्व भावना येतात, असे स्पष्टीकरण जोडण्यात आले. सरकारला अभावाच्या अर्थावर विसंबणे जड गेले.

१९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. त्यांचे लेख मराठीत, न्यायालय इंग्रजीत. मग मराठी शब्दासाठी सरकारी भाषांतरकाराने कोणता इंग्रजी शब्द घातला आणि त्याऐवजी कोणता घालता आला असता, यावरून त्यांनी त्या भाषांतरकाराची उलटतपासणी केली. मूळ मराठी वाक्य सौम्य असून त्याचे इंग्रजी जहाल होऊ शकते, आणि शिक्षा इंग्रजीवर ठरते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती मंडालेला भोगावी लागली. पण एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवणे हे निरुपद्रवी काम नाही, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

दुष्काळ आणि टंचाई

दुसरे उदाहरण भाकरीचे. मराठीत ‘दुष्काळ’ हा एकच शब्द पाऊस न पडण्यापासून माणसे मरण्यापर्यंत सगळीकडे पुरतो. इंग्रजीत याची शिडी आहे. ‘ड्राउट’ म्हणजे अवर्षण. त्याचा संबंध आभाळाशी. ‘डर्थ’ याच्या पोटात ‘डिअर’, म्हणजे महाग, हा शब्द आहे. धान्य आहे पण परवडत नाही. ‘स्केअर्सिटी’ म्हणजे टंचाई. जेवढे हवे तेवढे नाही. ‘फॅमिन’ याच्या मुळाशी भुकेचा लॅटिन शब्द आहे. सगळा मुलूखच उपाशी आहे. आणि ‘स्टार्व्ह’ या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ तर सरळ ‘मरणे’ असाच होता.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या फॅमिन कमिशनने १८८० साली अहवाल दिला आणि १८८३ साली फॅमिन कोडचा मसुदा तयार झाला. त्याच्या आधाराने प्रांतोप्रांती कोड झाले. त्यांत ‘स्केअर्सिटी’ आणि ‘फॅमिन’ या निरनिराळ्या पायऱ्या होत्या. ‘फॅमिन’ जाहीर झाले की सरकारवर जबाबदारी येई : कामे काढणे, जे काम करू शकत नाहीत त्यांना फुकट मदत देणे, सारा तहकूब करणे. म्हणजे अधिकाऱ्याच्या लेखणीतून कोणता शब्द उतरतो यावर तिजोरी उघडणे अवलंबून होते. १८९६ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव माणसे पाठवून कोडमध्ये रयतेचे हक्क काय आहेत ते मराठीत समजावून सांगितले, त्याचे कारण हेच. सरकारला ते इतके झोंबले, की १८९७ साली त्याने सभेची मान्यता काढून घेतली. आणि १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे मेली, तरी कोडप्रमाणे ‘फॅमिन’ जाहीर झाले नाही. कारण जाहीर करावे तर कोडमध्ये लिहिलेले धान्य द्यावे लागले असते.

स्वातंत्र्यानंतरची एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकावा व त्या जागी ‘स्केअर्सिटी’ वापरावा, एवढ्यासाठीच तो कायदा होता. त्यामागची विचारसरणी अशी, की सरकारचे पीकपाण्यावर सतत लक्ष असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच मदत पोहोचते, म्हणून फॅमिनची वेळच येणार नाही. आशा चांगली होती. पण दशक उलटण्यापूर्वी १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की शब्द सौम्य केला तरी मदत सौम्य झाली नाही. त्या कामांनी असंख्य जीव वाचवले आणि त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. शब्द बदलल्याने जबाबदारी आपोआप संपत नाही. लोक ती मागत राहिले तर ती उरते. मात्र कायद्याने काहीही म्हटले तरी मराठवाड्यातला म्हातारा माणूस आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेच म्हणतो. ‘बहात्तरची टंचाई’ असे म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही.

खेद आणि माफी

तिसरे उदाहरण अलीकडचे आहे. १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडाला २०१९ साली शंभर वर्षे झाली. त्या वेळी ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटात ‘रिग्रेट’ व्यक्त केला. विरोधी पक्षनेत्यांनी त्याच सभागृहात ‘अपॉलॉजी’ मागितली. ती आली नाही. वर्तमानपत्रांत यावर रकाने भरले. सामान्य वाचकाला वाटले, वाईट वाटते असे तर त्या म्हणाल्या, मग आणखी काय हवे?

हवे होते ते असे. ‘रिग्रेट’ या शब्दाला कर्ता लागत नाही. पावसाने आजचे व्याख्यान रद्द झाले असते तरी चिटणिसांनी ‘रिग्रेट’ व्यक्त केला असता. पाऊस काही त्यांनी पाडला नव्हता. ‘सॉरी’ दोन्हीकडे चालतो : पाय पडल्यावरही म्हणतात आणि कोणाच्या घरी मृत्यू झाल्यावरही म्हणतात. ‘अपॉलॉजी’ला मात्र अपराधी लागतो. तो शब्द उच्चारणारा, हे मी केले किंवा आमच्यापैकी कोणी केले आणि ते चुकीचे होते, असे कबूल करतो. आणि कबुलीमागून भरपाईचा प्रश्न येतो, म्हणून सरकारे त्या शब्दाला बिचकतात. कॅनडाने मात्र तो उच्चारला. १९१४ साली ३७६ प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला गेलेल्या ‘कोमागाटा मारू’ जहाजातील बहुतेकांना तेथे उतरू दिले नव्हते. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी पार्लमेंटात त्याबद्दल ‘अपॉलॉजी’ मागितली, आणि तोच शब्द वापरला.

गंमत अशी, की ‘अपॉलॉजी’चा मूळ ग्रीक अर्थ ‘बचावाचे भाषण’ असा आहे. प्लेटोच्या ज्या ग्रंथाला ‘अपॉलॉजी’ म्हणतात त्यात सॉक्रेटिसाने कोणाचीही माफी मागितलेली नाही. उलट आपली बाजू ठणकावून सांगितली आहे. म्हणून शब्दाचे मूळ पाहावे, पण मुळाला बांधून घेऊ नये. आज तो शब्द काय काम करतो ते पाहावे. आपल्याकडेही ‘दिलगीर आहोत’ आणि ‘माफी मागतो’ यांतला फरक वीज गेल्यावर लागलेली पाटी वाचणाऱ्याला कळतो. वीजमंडळी दिलगीर असतात. माफी मागत नाहीत.

कसोट्या

या साऱ्यातून शब्द निवडण्याच्या पाच कसोट्या निघतात. एक, शब्दाची व्याप्ती केवढी? ‘म्यूटिनी’मध्ये शिपाई मावतो, शेतकरी मावत नाही. दोन, त्यात स्तुती आहे की निंदा? ‘फ्रूगल’ आणि ‘स्टिंजी’ आठवावेत. तीन, तो कोणत्या प्रसंगाचा आहे? घरात ‘इंटरॉगेट’ चालत नाही. चार, त्याची संगत कोणती? ‘लार्ज मॅन’ आठवावा. पाचवी सर्वांत महत्त्वाची : हा शब्द वापरल्यावर बोलणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, आणि तो टाळल्याने कोणती सुटते? पहिल्या चार कसोट्यांना चांगला कोश मदत करील. पाचवीला कोश पुरत नाही. तिच्यासाठी कोण बोलत आहे आणि कोणाला उद्देशून बोलत आहे, हे पाहावे लागते.

सराव कसा करावा, असे कोणी विचारील. त्याला खर्च नाही. उद्या सकाळी इंग्रजी वर्तमानपत्र हाती येईल तेव्हा एका बातमीतला एखादा महत्त्वाचा शब्द बोटाने झाकावा. त्या जागी बसतील असे दोनतीन शब्द मनात आणावेत. मग बोट काढावे आणि लिहिणाऱ्याने आपले शब्द का घेतले नाहीत याचा विचार करावा. कधी आपला शब्द चुकलेला आढळेल. कधी असेही आढळेल, की आपलाच शब्द खरा होता आणि म्हणूनच तो तेथे नव्हता. मराठी वर्तमानपत्रावरही हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.